मंत्रीमहोदय, त्या रजिस्टरातल्या सतराव्या ओळीचं काय झालं?

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय ४७. दोन वर्षांपूर्वी मला गर्भाच्या पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. उपचार सरकारी योजनेतून झाले. एसटीचं भाडं, डबा, सोबत येणाऱ्या भावजयीची बुडालेली मजुरी हे सगळं घरातून गेलं, पण मशीनचं बिल सरकारनं भरलं आणि मी आज जिवंत आहे. त्याबद्दल आधी आभार मानते, आणि ते मनापासून मानते.

आता कामाचं. गेल्या वर्षी मार्चमध्ये महिला दिनानिमित्त एका ठिकाणी शिबिर झालं. कॅन्सरमधून उठलेल्या आम्हा बायकांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं, शाल दिली, फोटो काढले. व्यासपीठावरून एक अधिकारी बोलले, की शेक, म्हणजे किरणांचे उपचार (रेडिएशन), पूर्ण झालेल्या प्रत्येक महिलेला डायलेटरचा संच महिन्याभरात घरपोच मिळेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खाली एका टेबलावर रजिस्टरात आमची नावं लिहून घेतली. त्याला अकरा महिने झाले. चार वेळा फोन केला, शेवटी मागच्या सोमवारी रजा टाकून स्वतः गेले. टेबलामागच्या माणसानं माझ्याकडे न बघता सांगितलं, "बाई, असली वस्तू मागणीपत्रात लिहायची कशी? वर गेल्यावर लोक हसतील." वर कोण हसलं असतं ते मला माहीत नाही. त्याच्या मागचे दोघे मात्र तिथंच हसले.

हे पत्र मी त्या हसण्यामुळे लिहितेय.

असली वस्तू म्हणजे काय, ते इथं सरळ लिहिते, म्हणजे पुढच्या बाईला टेबलासमोर उभं राहून सांगावं लागणार नाही. डायलेटर म्हणजे गुळगुळीत, गोल टोकाची प्लास्टिकची किंवा सिलिकॉनची दांडी. करंगळीएवढ्या जाडीपासून चढत्या मापाच्या चार-पाच मिळून एक संच होतो. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरला बाहेरून आणि आतून शेक देतात. मला बाहेरून पंचवीस दिले, पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, आणि दर आठवड्याला केमोचं एक सलाईन. मग आतून चार वेळा. त्या किरणांनी गाठ जळते, पण योनीमार्गाचं आतलं नाजूक अस्तरही भाजतं. बारीक रक्तवाहिन्या मरतात, कातडी पातळ आणि कोरडी पडते, तिच्या जागी जखमेच्या वणासारखा टणक थर धरतो. भिंतीला भिंत चिकटत जाते, मार्ग आखडतो, आखूड होतो. किरणांनी बीजांडं बंद पडतात, त्यामुळे पाळी जाते आणि कोरडेपणा आणखी वाढतो. म्हणून शेक संपून आग निवली, की साधारण महिन्याभरानं, डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावर, पाण्यात विरघळणारी जेली लावून हा डायलेटर हलक्या हातानं आत ठेवायचा. गुडघे दुमडून निजायचं, अंग सैल सोडायचं, पाच-दहा मिनिटं. आठवड्यातून दोन-तीन वेळा, आणि हे काही वर्षं चालू ठेवायचं. साबणानं धुऊन ठेवायचा. झालं, एवढीच ती असली वस्तू.

मला हे कोणी सांगितलं नाही. सुट्टीच्या कागदावर भरपूर पाणी प्या, फळं खा, तीन महिन्यांनी या, एवढंच होतं. तीन महिन्यांनी गेले तेव्हा गर्दी होती, पोटावरून हात फिरवून परत पाठवलं. आठव्या महिन्यात एका डॉक्टर मॅडमनं आतून तपासायचा प्रयत्न केला. बोटसुद्धा जाईना. मी टेबलाची कड धरून ओरडले. मॅडम म्हणाल्या, "रस्ता चिकटलाय. डायलेटर नाही का वापरला?" साहेब, तो शब्द मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तोही असा, की जणू मीच आळस केला होता.

बाहेर येऊन बाकड्यावर रडत बसले. शेजारी एक तृतीयपंथी ताई तिच्या आईला घेऊन आली होती. तिनं विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "अगं, हे तर मला रोज करावं लागतं." तिचं लिंगबदलाचं ऑपरेशन दुसऱ्या राज्यात, स्वतःच्या पैशानं झालेलं. नवा मार्ग केला, की शरीर त्याला जखम समजतं आणि बुजवायला बघतं, म्हणून सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा, मग कमी कमी करत जन्मभर डायलेटर. कोणत्या मापापासून सुरू करायचं, दुखलं तर कुठं थांबायचं, रक्ताचा थेंब दिसला तर घाबरायचं नाही पण जास्त गेलं तर लगेच दाखवायचं, हे सगळं तिनं मला त्या बाकड्यावर वीस मिनिटांत शिकवलं. माझ्यावर लाखोंचे उपचार झाले आणि शिकवलं कोणी, तर जिच्या शेजारी बसायला लोक तयार नव्हते तिनं. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या कायद्याच्या कलम १५ मध्ये लिहिलंय, की अशा शस्त्रक्रियेची आणि तिच्या आधी-नंतरच्या समुपदेशनाची सोय सरकारनं करावी. ताई म्हणाली, ते कलम मला पाठ आहे, सोय कुठं आहे ते तू सांग.

घरचं लिहावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. लिहितेच. माझा नवरा वाईट माणूस नाही. शेक चालू होते तेव्हा रात्री उठून त्यानं मला उकळलेलं पाणी दिलंय. पण जवळ आल्यावर मी किंचाळले, एकदा, दोनदा, तेव्हापासून त्याचं अंथरूण ओसरीवर गेलं. तो बोलत नाही, मी बोलत नाही. सासूबाईंना वाटतं, मीच त्याला बाहेर काढलं. गावातल्या बायकांना वाटतं, कॅन्सर लागेल म्हणून तो लांब निजतो. मी एकवीस वर्षं घरोघर जाऊन पाळी, बाळंतपण, अंगावरून पांढरं जाणं यावर बोलले आणि माझ्याच घरात मला तोंड उघडता येत नाही. रात्री कूस बदलताना ओटीपोटात ओढ बसते तेव्हा वाटतं, वाचले ते ठीक, पण वाचवणाऱ्यांनी मला कमरेपर्यंतच मोजलं का?

"संसारसुखासाठी सरकार खर्च कसा करणार?" हे त्या सोमवारी ऐकलेलं दुसरं वाक्य. संसारसुख हा गुन्हा आहे का, हे मी नंतर विचारेन. आधी साधा वैद्यकीय हिशेब घ्या. हा कॅन्सर उलटला तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी आतून तपासायला बोलावतात. मार्ग चिकटला तर डॉक्टरला आत दिसत नाही आणि बोटाला लागत नाही. माझी आठव्या महिन्यातली तपासणी झालीच नाही. आज माझ्या आत काय आहे, हे ना मला माहीत, ना डॉक्टरांना. हेही संसारसुखातच धरायचं का?

आणि आमच्याच जिल्ह्यात असं व्हावं, याचा मला जास्त राग आहे. १९९९ पासून जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत मोठी पाहणी झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि परदेशातली संस्था यांनी मिळून ती केली. हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची, एकदा चाचणी केली त्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, चाचणी न केलेल्या गटात ६४. २००९ मध्ये हे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. माझ्या चुलत सासूबाई तेव्हा जीपमध्ये बसून तपासणीला गेल्या होत्या. त्यांना डाग निघाला, तो गार वायूनं गोठवून काढला, आणि बाई आज ऐंशीच्या घरात आहेत, भाकरी खातात. चाचणीनं जीव वाचतो हे जगाला आमच्या खेड्यांनी दाखवलं, आणि दहा वर्षांनी देशाचं काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या दोन बायकांचीसुद्धा ही तपासणी झालेली नव्हती, १.९ टक्के. २०२२ च्या अंदाजाप्रमाणे देशात वर्षाला या कॅन्सरच्या सव्वा लाखावर नव्या रुग्ण बायका आणि ८० हजारांच्या आसपास मृत्यू. उशिरा निघतं म्हणून शेक द्यावे लागतात. शेक दिले की मार्ग आखडतो. ही साखळी सुरू कुठून होते ते मंत्रालयात कोणीतरी कागदावर काढून बघा.

या कॅन्सरपासून वाचवणारी लस पुण्यात बनते, मुलींना जरूर द्या, माझ्या अंगणवाडीतून पुढं गेलेल्या एकूण एक पोरीला द्या. पण ज्या आमच्यावर येऊन गेलंय, त्या कुठं जायच्या?

माझी भाची नर्सिंग शिकते. तिनं मोबाईलवर डायलेटर शोधून दाखवला. किंमत बघून मी मोबाईल परत दिला. शिवाय तो जिथं विकायला होता तिथं शेजारची चित्रं अशी, की भाचीनं लाजून स्क्रीन झाकली. औषधाच्या दुकानात विचारलं तर दुकानदारानं बायकोला आतून बोलावलं, तिलाही ठाऊक नव्हतं. एका नर्सनं हळूच सांगितलं, मेणबत्तीला निरोध चढवून वापर. तिचा हेतू चांगला होता. मी मेणबत्ती आणली, देव्हाऱ्यासमोर ठेवलेल्या पुड्यातून एक काढली, आणि हात थरथरायला लागला. ती परत ठेवली.

तालुक्याच्या एका मोठ्या साहेबांनी फोनवर सांगितलं, "याला शास्त्रीय पुरावा कमी आहे." भाचीनं वाचून मला समजावलं. हो, शेक चालू असताना डायलेटर घातला तर इजा होऊ शकते, आणि नेमानं वापरल्यानं चिकटणं हमखास टळतं असा पक्का पुरावा २०१४ च्या कोक्रेन आढाव्याला, म्हणजे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालाला, सापडला नाही, हे खरं आहे. मग तेही मला सांगा ना. खोलीचं दार लावून, समोर बसवून सांगा, की बाई, असं असं होऊ शकतं, हा एक उपाय आहे, त्याचा इतका भरवसा आहे, तुला वापरायचाय का? पुरावा कमी आहे म्हणून शब्दच लपवायचा, हे कुठलं शास्त्र?

आणि हे फक्त आम्हा कॅन्सरवालींचं नाही. आमच्या शेजारच्या गावात एका मुलीला अठराव्या वर्षीही पाळी आली नाही. तपासल्यावर निघालं, जन्मतःच पिशवी नाही आणि योनीमार्ग अर्धवट. साडेचार-पाच हजार मुलींत एखादी अशी जन्मते. बापानं ऑपरेशनसाठी दोन म्हशी विकल्या. नंतर कळलं, की अशा मुलींना आधी डायलेटरच सुचवतात. रोज थोडा वेळ, काही महिने, आणि नीट शिकवलं, मुलगी मनानं तयार असली, तर दहातल्या नऊ जणींना ऑपरेशन लागत नाही. ऑपरेशन केलं तरी पुढं डायलेटर वापरावाच लागतो! त्या बापाला हे म्हशी विकण्याआधी कोणी सांगायचं? लग्नानंतर अंग आवळून घेतं, संबंध होऊ शकत नाही, म्हणून माहेरी परत पाठवलेल्या दोन मुली मी स्वतः बघितल्यात. त्यांना नांदायचं नव्हतं असं गाव म्हणतं. त्या दुखण्याला नाव आहे आणि इलाज आहे, त्यातही हीच दांडी लागते, सोबत समजावणारं माणूस लागतं.

साहेब, पिशवी काढायला या राज्यात कधी कोणाला लाज वाटली नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती आली, त्यातल्या १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या होत्या. किती जणींना "कॅन्सर होईल" अशी भीती घालून टेबलावर घेतलं होतं! कापायचं असतं तेव्हा आमच्या अंगाचा तो भाग सगळ्यांना माहीत असतो. तोच भाग जपायचा म्हटलं की मागणीपत्रावर लिहायला शब्द सापडत नाही. मी तुमची सगळी रजिस्टरं भरते, वजनाचं, उंचीचं, गरोदर मातांचं, लसीचं. एक रकाना रिकामा राहिला तर मला नोटीस येते. माझ्या नावापुढचा रकाना अकरा महिने रिकामा आहे, त्याची नोटीस कोणाला जाणार?

मागणी फार नाही. शेक संपलेल्या प्रत्येक बाईला संच आणि जेली सरकारी पुरवठ्यातून मिळावी, सुट्टीच्या कागदावर तो शब्द मराठीत छापावा, आणि शिकवायला एक नर्स, एक दार असलेली खोली आणि अर्धा तास मिळावा. माझं आता चिकटून बसलंय. मॅडम म्हणाल्या, भूल देऊन सोडवावं लागेल, आणि सोडवल्यावर डायलेटर नसेल तर परत चिकटेल. तारीख पुढच्या महिन्यातली दिलीय. तोवर संच आला नाही तर ते सोडवून घ्यायचं कशासाठी, हे मला डॉक्टरांनाच विचारावं लागेल.

ते रजिस्टर निळ्या पुठ्ठ्याचं आहे. माझं नाव पहिल्या पानावर सतराव्या ओळीला आहे, मोबाईल नंबर अजून तोच आहे.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
जिल्हा धाराशिव