खोली नंबर १४ आठवली

प्रिय सुध्या,

सहा महिन्यांत पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. माझी शुगर आटोक्यात, आईचे गुडघे तसेच.

लिहायला बसलो ते निखिलसाठी. त्याने नोकरी सोडली. स्कूटर बनवतोय, कधीच चार्ज करावी न लागणारी. मागच्या चाकाला डायनॅमो, तो बॅटरी भरणार, बॅटरी चाक फिरवणार. ताईच्या एफडीतले दोन लाख त्यात गेलेत.

मला त्याने निकोला टेस्ला या संशोधकाची गोष्ट ऐकवली. १९३१ साल, बफेलो, पिअर्स-ॲरो गाडीचं इंजिन काढून मोटर बसवली, बारा व्हॅक्यूम ट्यूबांची पेटी, वीज हवेतून, वेग ताशी नव्वद मैल! मी म्हटलं, अरे, त्याच वर्षी टेस्लाला पंचाहत्तर पूर्ण झाली, 'टाइम'ने मुखपृष्ठावर छापला. तेव्हाच्या एकाही वार्ताहराला ही गाडी दिसली नाही? हॉटेलांची बिलं थकवणारा माणूस असली गाडी झाकून ठेवेल? तर म्हणे, "मामा, तेलवाल्यांनी दाबलं."

निखिल ठग असता तर मी सरळ झापला असता. फिलाडेल्फियाच्या कीलीने पंचवीस वर्षं लोकांच्या पैशावर अशीच फुकट चालणारी मोटर दाखवली, आणि १८९८ मध्ये तो गेल्यावर घराच्या तळघरात हवा दाबून भरायची लोखंडी गोल टाकी निघाली. पण आपलं पोरगं कीली नाही रे, ते बोस्टनच्या गिरागोसियनसारखं आहे. फुकट शक्ती देणारं यंत्र सापडलं म्हणायचा तो. त्याच्यासाठी अमेरिकन काँग्रेसने ठराव केला, १९१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सनने सही केली, शास्त्रज्ञांची समिती बसली. यंत्र काय, तर एक अवजड फ्लायव्हील. छोट्या मोटरीने हळूहळू वेग द्यायचा आणि मग ब्रेक लावून क्षणभर मिळणारी ताकद मोजायची. थेंबथेंब भरलेली टाकी एकदम उपसली आणि नळालाच एवढं पाणी आहे असं धरून चालला. समितीने सांगूनही त्याचा विश्वास ढळला नाही. फसवायचं त्याच्या मनातच नव्हतं. मला भीती वाटते ती ह्याचीच.

आपल्या खोली नंबर १४ मध्ये तूही असलंच यंत्र जोडलं होतंस, आणि तुझा बल्ब विझला होता. बेल्ट घसरतोय म्हणून आठ दिवस बोलला नाहीस माझ्याशी! आजही बेल्टच म्हणशील, गाढवा.

परवा त्याच्या शेडमध्ये गेलो. स्कूटर स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. चालू केली. डायनॅमोच्या वायरीला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीतून किती करंट जातो ते दाखवणारा चिमटा, आकडा २.१ अँपिअर. "मामा, येतेय बघ!" डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी कान दिला तर डायनॅमो जोडला की मोटर कण्हत होती. बॅटरीतून मोटरीकडे जाणाऱ्या वायरीला मीटर लावलेलाच नव्हता. दोन वायरींत वीतभर अंतर. मीटर त्याने माझ्या हातात दिला, आणि मी तो तसाच परत ठेवला, सुध्या. ताई चहा घेऊन दारात उभी होती.

सायलीचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. तारीख कळव. वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना?

गणपतीत येशील तेव्हा एक दिवस जास्त ठेव. तुझं निखिल ऐकतो. मीटर दुसऱ्या वायरीला तूच लाव. मी बाजूला उभा राहीन.

तुझा,
विनू