भट्ट्या वाढवण्याआधी रिजेक्शन मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विकसनशील देशातील ओतकाम उद्योगाला बळ कसे द्यावे, यावरचा आपला लेख वाचला. नव्या भट्ट्या, साचे बनवणारी स्वयंचलित मोल्डिंग लाइन आणि निर्यातीला सवलत एवढ्यावर तो आटोपला आहे. मी फाउंड्रीत भट्टीपासून फेटलिंगपर्यंत (ओतलेला नग घासून साफ करण्यापर्यंत) सगळीकडे काम करून निवृत्त झालो. शेवटची बरीच वर्षे गुणवत्ता विभागात गेली, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खाण्याच्या खात्यात. तिथे बसून एवढे कळले की बहुतेक ठिकाणी धातू वितळवण्याची क्षमता कमी पडत नाही. वितळवलेला धातू वाया जातो. अनुदानाच्या अर्जात मात्र वर्षाला किती टन ओतणार याचा रकाना असतो, किती टन परत भट्टीत टाकता याचा नसतो.

साधा हिशेब मांडतो. हजार किलो लोखंड वितळवले आणि रनर, गेट (साच्यात धातू नेणाऱ्या वाटा) आणि रायझर (गोठताना नगाला जादा धातू पुरवणारा साठा) यांतला धातू वजा केला, की कास्टिंग, म्हणजे ओतलेले नग, समजा ६०० किलो मिळाले. त्यात शेकडा १० रिजेक्ट, म्हणजे दोषामुळे बाद झाले, उरले ५४०. इंडक्शन भट्टीला वितळवलेल्या टनामागे ६०० युनिट वीज धरली, तर विकण्याजोग्या एका टनाला ती १,१०० युनिट पडते. रिजेक्शन १० वरून ४ टक्क्यांवर आणले, रायझरची जागा आणि माप नीट बसवून यील्ड (वितळवलेल्या धातूतला कास्टिंगचा वाटा) ६० टक्क्यांचे ६६ केले, की हाच आकडा ९५० च्या आत येतो. एकही नवी भट्टी न घेता. वाळू, कोअर (नगाची आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा), मजुरी आणि ग्राइंडिंगची चाके यात धरलेलीच नाहीत. शिवाय ब्लो होल (वायू अडकून नगात राहिलेली पोकळी) अनेकदा ग्राहकाकडे मशीनिंग झाल्यावर उघडा पडतो. तेव्हा त्या नगाबरोबर मशीनिंगचा खर्चही आपल्याच नावावर लागतो आणि पुढची ऑर्डर जाते ती वेगळीच.

आता स्वयंचलित मोल्डिंग लाइनविषयी. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे माती-पाणी मिसळलेल्या ओल्या वाळूच्या साच्यांत, एकच वाळू पुन्हा पुन्हा फिरते. एका पाळीत बॉक्स (साच्याच्या पेट्या) दुप्पट निघू लागले की ती थंड होण्याआधीच परत मिक्सरमध्ये येते. पन्नास अंशांच्या वर गरम वाळू आली, की घातलेले पाणी वाटेतच उडते, वाफ गार पॅटर्नवर (ज्याभोवती वाळू दाबून साचा घडवतात त्या नमुन्यावर) धरते, वाळू चिकटते, साच्याच्या कडा ढासळतात आणि ती सुटी वाळू कास्टिंगच्या पोटात जाऊन बसते. म्हणजे लाइन नवी, पण वाळू थंड करण्याची सोय, वाळूचा साठा आणि मिक्सर जुनेच, अशी जोडी जमली तर कारखाना रिजेक्ट माल जास्त वेगाने तयार करतो. मी हे होताना पाहिले आहे. मालकांनी लाइनच्या उद्घाटनाला मांडव घातला होता. सँड प्लांटसाठी पैसे मागितले तेव्हा ‘पुढच्या वर्षी बघू’.

जुना मोल्डर मूठभर वाळू दाबतो, तिच्यावर बोटांचे ठसे उमटले का पाहतो आणि तो गोळा मधोमध मोडतो. मोड स्वच्छ आली तर वाळू तयार. या परीक्षेला मी हसणार नाही; चांगल्या माणसाच्या हाताला तीन टक्के आणि चार टक्के पाण्यातला फरक खरोखर कळतो. अडचण एवढीच की पाळी संपली की तो हात घरी जातो. त्याऐवजी ५० मिलिमीटरच्या नळीत वाळू भरून तीन ठोके द्या, कॉम्पॅक्टेबिलिटी (ठोक्यांनी वाळू किती दबते), ओलावा आणि ताकद मोजा आणि आकडे तासातासाला फळ्यावर लिहा. दुसऱ्या पाळीचा माणूस आला की वाळू कुठे सरकली हे त्याला दिसते. ही उपकरणे साऱ्या फाउंड्रीत बहुधा सर्वांत स्वस्त. तरीही छोट्या कारखान्यांत ती नसतात, आणि असली तर कपाटात असतात.

उलट महागडे यंत्र घेऊन ठेवल्याचे उदाहरणही सांगतो. एका कारखान्यात स्पेक्ट्रोमीटर (ठिणगी पाडून धातूतले घटक मोजणारे यंत्र) आला. त्याला ९९.९९९ टक्के शुद्ध अरगॉन लागतो, वातानुकूलित खोली लागते, तपासणीचे प्रमाणित नमुने लागतात आणि नमुना घासण्यापासून आकडा वाचण्यापर्यंत जाणता माणूस लागतो. खरेदीत यातले फक्त यंत्र होते. साधा वेल्डिंगचा सिलिंडर जोडल्यावर ठिणगीचा डाग पांढरट पडू लागला, कार्बनचे आकडे भरकटले, मेल्टरचा (भट्टी सांभाळणाऱ्याचा) विश्वास उडाला आणि काही महिन्यांत यंत्रावर कापड आले. मेल्टर पुन्हा चिलच्या पाचरीवर आला: धातूची लहान पाचर ओतायची, पाण्यात विझवायची, मोडायची, टोकाकडचा पांढरा (लवकर थंड होऊन कडक झालेला) भाग किती ते पाहायचे. ग्रे आयर्नला (साध्या ओतीव लोखंडाला) ती पाचर आजही उपयोगी आहे. पण एसजी आयर्नमध्ये (मॅग्नेशियम घालून चिवट केलेल्या ओतीव लोखंडात) मॅग्नेशियम ०.०३ ते ०.०५ टक्क्यांच्या पट्ट्यात राखायचे असते, तिथे पाचरीवर भागत नाही. वर मॅग्नेशियम मिनिटामिनिटाला उडत असते. लॅडल (वितळलेला धातू नेणारे भांडे) क्रेनखाली वाट पाहत थांबला तर सुरुवातीचे साचे चांगले आणि शेवटचे बाद, असा एकाच हीटमध्ये (एका वेळी वितळवलेल्या धातूत) दुजाभाव होतो.

प्रत्येक छोट्या कारखान्याने हे सगळे स्वतः घ्यावे असे मी म्हणत नाही. परवडणार नाही आणि टिकणारही नाही. पंधरा-वीस कारखान्यांच्या समूहाला मिळून एक प्रयोगशाळा हवी आणि तिच्यासोबत फिरता तंत्रज्ञ हवा. कारखान्यात येऊन, बाद झालेला नग हातात घेऊन, रनर कुठे चुकला ते खडूने दाखवील असा. सामायिक मदत काय करू शकते याचे नमुने आहेत. हावड्याच्या फाउंड्री कोकवरच्या क्युपोलावर (उभ्या भट्टीवर) चालत. तिथे १९९८ मध्ये टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेने स्विस अर्थसाहाय्याने डिव्हायडेड ब्लास्ट क्युपोला उभा करून दाखवला. त्यात हवा ट्वीयरच्या (हवा सोडणाऱ्या तोंडांच्या) एका ओळीऐवजी वर-खाली दोन ओळींतून जाते. कोक सुमारे एक तृतीयांश कमी लागला. तेच पाहून कोणी आपल्या क्युपोलाला वर नुसती दुसरी भोके पाडली तर काही साधत नाही. दोन ओळींतले अंतर, ब्लोअरची क्षमता आणि दोन्हीकडे जाणाऱ्या हवेची वाटणी जमावी लागते. आराखड्याचा कागद वाटला की काम झाले असे समजणारी योजना इथेच फसते.

ग्राहकांनाही थोडे ऐकावे लागेल. कास्टिंग किलोवर विकले जाते. भिंत आठ मिलिमीटरऐवजी सहाची करून, फासळी देऊन, भाग तेवढाच मजबूत आणि पाचवा हिस्सा हलका करता येतो. पण तसे सुचवणाऱ्या फाउंड्रीचे बिल पाचव्या हिश्शाने कमी होते, आणि पातळ भिंत भरायला अवघड म्हणून रिजेक्शनची जोखीम तिच्याच गळ्यात. मग कोण कशाला सुचवील? मोठ्या खरेदीदारांनी नगावर भाव द्यावा आणि ड्रॉइंग पक्के करण्याआधी ओतणाऱ्याला बोलवावे. जाड भाग आणि पातळ भाग एकमेकांना कसे जोडले आहेत यावर श्रिंकेज (गोठताना धातू आकसून पडणारी पोकळी) ठरते. धातू गोठायला लागणारा वेळ आकारमान आणि पृष्ठफळ यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर अवलंबून असतो, हे च्वोरिनोव्ह या अभियंत्याने १९४० मध्येच मांडले. आता ते संगणकावर पाहता येते. तरी पॅटर्न तयार होऊन दारात आल्यावर ‘इथे रायझर कुठे ठेवू?’ हा प्रश्न पडतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

माणसे मिळत नाहीत ही तक्रार प्रत्येक मालक करतो. मी विचारतो, शेकआउटपाशी (साचा फोडून नग काढतात तिथे) धूळ ओढणारा पंखा चालू आहे का? बारीक सिलिकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. हीच धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जाहीर केले. सिलिकोसिस २०३० पर्यंत संपवण्याचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांचा कार्यक्रम १९९५ पासून आहे. इतके असून फेटलिंगचा माणूस तोंडाला रुमाल बांधून ग्राइंडर चालवतो. रुमालाने ही धूळ अडत नाही. त्याचा मुलगा या धंद्यात येणार नाही, आणि मुलाचे चुकते असे मी म्हणणार नाही. सरकारी पैसा द्यायचाच तर धूळ ओढण्याची यंत्रणा आणि बदलत राहणारे फिल्टर यांना पहिला हात द्यावा.

टनांची शर्यत लावून हाती काय लागते? जगातले जवळपास निम्मे ओतकाम एकटा चीन करतो. त्याच्याशी टनांत बरोबरी करायला निघालेला लहान देश स्वस्त मॅनहोलची झाकणे ओततो आणि त्यातही भावात मार खातो. त्यापेक्षा दाब सोसणारी व्हॉल्व्ह बॉडी, पंपाचे इंपेलर असा माल बिनदोष ओतला तर किलोमागे मिळकत कितीतरी जास्त. तिथे दारात पहिला प्रश्न तपासणीच्या दाखल्याचाच येतो, आणि तो दाखला परदेशातही मान्य व्हायचा तर प्रयोगशाळेला मानांकन घ्यावे लागते.

एक शेवटची सूचना, प्रयोगशाळा मंजूर करणाऱ्यांसाठी. जिथे रात्रीची वीज स्वस्त असते तिथे फाउंड्री रात्री वितळवतात. अशा ठिकाणी पाचला कुलूप लागणारी प्रयोगशाळा काय कामाची? नमुना पहाटे दोनला येईल आणि मेल्टरला उत्तर पाच मिनिटांत लागेल. रात्रपाळीच्या दोन माणसांचा पगार पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात धरा. इमारतीचे प्लॅस्टर नंतर झाले तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त फाउंड्री तंत्रज्ञ