कव्हरवर स्वतःचं नाव घालणाऱ्या अण्णांना

अण्णा, सप्रेम नमस्कार.

तुमच्या स्टुडिओत केलेला माझा अल्बम निघाला. गाणी बेळगावभर मोबाइलवर फिरूलालीत आणि जो तो एकच विचारतो, कव्हरवरचं हे कानडी नाव कुणाचं? म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

तुमच्याआधी बरेच उंबरे झिजवले. २०२२ साली सुवर्णसौधच्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या इथल्या विधानभवनाच्या, पायऱ्यांवर शेवया वाळत घातलेल्या, त्यावरच्या गाण्याला आपली माणसं टाळ्या पिटायची. पण काळा दिन आणि हुतात्मा दिन पाळून गप्प बसणाऱ्या आपल्याच पुढाऱ्यांवरचं 'एक नोव्हेंबरला काळी फीत, सतरा जानेवारीला हार, बाकी वर्षभर साहेब गार' आलं, की तोंडं उतरायची. "तेवढं कडवं काढ बाबा, सीमाप्रश्न कोर्टात आहे." २००४ पासून कोर्टातच आहे की! एका स्टुडिओवाल्यानं ॲडव्हान्स घेतला आणि मग म्हणाला, रात्री शटर ओढून करू, माझं नाव कुठं नको. आपलाच, मराठी माणूस. त्याची भीती समजते. ॲडव्हान्स मात्र अजून परत यायचाय.

तुम्ही अडलेले शब्द विचारत सगळं ऐकलंत. निपाणीत एका बाजूनं काळं फासलेली, कोल्हापुरात दुसऱ्या बाजूनं फासलेली बस 'आता मला धुणार कोण?' म्हणते, ते गाणं परत लावायला सांगितलंत. आणि वर, "आमच्यावर कमी हाणलायस की रे. मिळमिळीत वाटूलालंय." पुढचं कानडी कडवं तुम्हीच बसून बांधून दिलंत. अल्बममधलं सगळ्यात झोंबणारं तेच आहे.

पण मला विसरता येत नाही ती पट्टी. कव्हरचा कागद समोर होता, "तुमचं नाव राहू दे, उगाच त्रास," असं मीच म्हणालो. तुम्ही टेबलावरची पट्टी उचललीत, जागा मोजलीत, पेन्सिलीनं रेघ मारलीत. वर ठसठशीत कानडीत नाव, खाली बारीक मराठीत. "पाटीवर साठ टक्के कानडी. कायदा आहे!" म्हणून खो खो हसलात. मला काही हसता येईना.

आपल्या गावात खडेबाजारातला दुकानदार दोन्ही भाषांत उधारी देतो आणि दोन्ही भाषांत ती मागतो. भांडायला माणसं बाहेरून गाड्या भरून येतात. त्यांचेच फोटो छापून येतात, तुमच्यासारख्यांचे नाही.

रेकॉर्डिंगचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते चालायचं नाही. रविवारी पाकीट आणि किलोभर कुंदा घेऊन येतोय. दारात वाद घालू नका. आणि पुढच्या अल्बमचं एखादं कडवं बांधून ठेवा, त्यात मलाही सोडू नका.

तुमचा,
गाणारा पोरगा