सांता मार्ताहून आत्याला पत्र

सांता मार्ता, कोलंबिया
रविवार

ती. आत्यास,
सा. न.

‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ ही कादंबरी तू अर्ध्यावर टाकून दिलंस म्हणे. "सगळे मेले आउरेलियानो, नाहीतर होसे आर्कादिओ. कोण कुणाचा, काही कळत नाही," ही तुझी तक्रार बाबांनी कळवली.

अगं, तो घोळ लेखकाने, गार्सिया मार्केसने, मुद्दाम घातलाय. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात ना, तसंच. फक्त त्या घरात नावाबरोबर खोडी आणि चुकाही उतरतात. त्या घरातल्या थोरल्या आजीला, उर्सुलाला, ते बरोबर जाणवतं. काळ पुढे सरकत नाही, गोल फिरतोय, असं तिला वाटतं. तिचा मुलगा कर्नल आउरेलियानो म्हातारपणी सोन्याचे मासे घडवतो, ते वितळवतो आणि त्याच सोन्याचे पुन्हा मासे करतो.

पण मला विचारशील तर पुस्तकाचा जीव विसरण्यात आहे. त्यांच्या गावात, माकोन्दोत, निद्रानाशाची साथ येते. झोप गेल्याचं कुणाला दुःख नसतं, उलट कामं उरकतात. मग हळूहळू आठवणी जायला लागतात. म्हणून गावात वस्तूंवर नावं लिहितात. गाईच्या गळ्यात पाटी: ही गाय, हिचं रोज सकाळी दूध काढायचं, दूध तापवायचं आणि कॉफीत घालायचं. गावच्या मुख्य रस्त्यावर तर ‘देव आहे’ अशीही पाटी. हसू येतं, आणि मग येत नाही.

ही साथ औषधाने बरी होते. पुढची होत नाही. इथून जवळच सिएनागा आहे. डिसेंबर 1928 मध्ये युनायटेड फ्रूट या अमेरिकी कंपनीच्या केळीच्या मळ्यांवरचे मजूर संपावर होते. तिथल्या स्टेशनाजवळ जमलेल्या गर्दीवर लष्कराने गोळीबार केला. मार्केस तेव्हा जेमतेम पावणेदोन वर्षांचा, आराकाताकात आजी-आजोबांच्या घरी. कारवाईच्या जनरलने मेलेले 47 सांगितले, तर अमेरिकी वकिलातीने हजाराहून जास्त असं आपल्या सरकारला कळवलं.

कादंबरीतही हा गोळीबार होतो. त्याच घरातला होसे आर्कादिओ सेगुंदो त्यानंतर शुद्धीवर येतो तो प्रेतांनी भरलेल्या मालगाडीत. उडी मारून गावात परततो, तर लोक म्हणतात इथे कुणीच मेलं नाही. त्यानंतर जो पाऊस लागतो तो चार वर्षं, अकरा महिने, दोन दिवस. मला तरी या पावसापेक्षा गावाचं ते "काही झालं नाही" जास्त अद्भुत वाटतं, आणि तेच सगळ्यात खरंही.

पुढची गंमत बघ. कादंबरीतले तीन हजार मृत लोकांनी इतिहास म्हणून घेतले. मार्केसने आठवणींत लिहिलंय की एका सिनेटरने स्मृतिदिनी तीन हजार हुतात्म्यांसाठी मौन पाळायला सांगितलं. अख्खी गाडी प्रेतांनी भरायची तर आकडा मोठा हवा होता, हे तो स्वतःच सांगायचा. तुझ्यासारखी शिस्तीची बाई म्हणेल, हा खोटेपणा झाला. मला अजून ठरवता आलेलं नाही. सरकारी कागदांनी माणसं पुसली आणि एका कादंबरीने ती जास्तीच मोजली. त्यातलं पहिलं मला जास्त सलतं, एवढंच.

आता आमिष दाखवते. तू आयुष्यभर संस्कृत शिकवलंस. त्या घरात मेल्कियादेस नावाच्या जिप्सीची हस्तलिखितं पडून असतात. ती कुणालाच उलगडत नाहीत. अक्षरं कशी दिसतात, तर तारेवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी! आपली शिरोरेघ, दुसरं काय? भाषा निघते संस्कृत. वर ओळी गुप्त लिपीत, एक आड एक वेगळ्या. आणि त्यात शंभर वर्षांच्या रोजच्या घटना एकामागून एक मांडलेल्याच नाहीत, सगळ्या एकाच क्षणात नांदतात. ती कुणाला वाचता येतात आणि वाचताना काय होतं, ते सांगत नाही.

तेव्हा पुस्तक परत काढ. सुरुवातीला वंशवृक्ष छापलेला असेल तर त्यावर कागद चिकटव. माणसांची सरमिसळ झाली तर होऊ दे, उर्सुलाचीही होते. फक्त पुढच्या पत्रात तिच्याबद्दल तुझं मत कळव; काकांना ती आवडणार नाही, अशी माझी पैज.

तुझी भाची,
मुग्धा