चौसष्टच्या आत

सोलापूर,
गड्ड्याची जत्रा अजून उठलेली नाही

प्रिय सुमे,

पत्र मिळालं. ‘गुडघ्याच्या वाट्या बदलायच्या वयात घोडीवर कसली बसतेस?’ हे वाचून खूप हसले. गुडघे आहेत तसेच आहेत गं. चढायला मला ओटा नाहीतर शेताचा बांध लागतो. उतरताना चाचा मुद्दाम तोंड फिरवून उभे राहतात.

सुरुवात नाडीपासून झाली. निवृत्तीनंतर मी संध्याकाळी कंबर तलावाकडे फिरायला जायचे. त्या रस्त्यावर चाचा रोज घोडी फिरवत असायचे. त्यांच्या वडिलांचा टांगा होता. मी सिस्टर होते हे कुणीतरी सांगितलं असणार. एके दिवशी थेट म्हणाले, “सिस्टर, इसकी नाडी देखो ना जरा.” माझा हात धरून घोडीच्या जबड्याखाली ठेवला. मोजली तर ३६! मला वाटलं माझं घड्याळच बंद पडलं. चाचा म्हणाले, निवांत उभ्या घोड्याची तेवढीच असते.

तिथून मी एन्ड्युरन्सला, म्हणजे घोड्यावरून लांब पल्ला गाठायच्या खेळाला लागले. ती तुला वाटते तशी धुरळा उडवायची शर्यत नव्हे. मोठ्या स्पर्धांत ४०, ८०, १२०, अगदी १६० किलोमीटरसुद्धा असतात. १९५५ साली कॅलिफोर्नियात काही जण १०० मैल एका दिवसात जाऊन दाखवायला निघाले, ती स्पर्धा अजून चालू आहे. दर टप्प्याला जनावरांचा डॉक्टर असतो. ठरलेल्या वेळात हृदयाचे ठोके मिनिटाला ६४ वर उतरले नाहीत तर घोडा बाद, मग तो पहिला का आलेला असेना! कातडी चिमटीत धरून सोडायची आणि किती चटकन बसते ते बघायचं. हिरडी दाबून पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. कुशीला नळी लावून आतड्यांची गुडगुड ऐकायची. शेवटी दुडक्या चालीने पळवून लंगडत तर नाही ना, ते पाहायचं. सुमे, हगवणीची लेकरं आली की आपण दोघी दुसरं काय करायचो?

आमचं मात्र घरगुती. चाचांची चांदणी, अण्णांचा कुमैत (तांबूस, काळ्या आयाळीचा घोडा) आणि अण्णांचे ओळखीचे गुरांचे डॉक्टर. (अण्णांनी जन्मभर मागावर टॉवेल विणले. रागावले की तेलुगूत.) पहाटे निघून मातीच्या वाटांनी नान्नजच्या अलीकडपर्यंत जायचं आणि परत, ४० किलोमीटर. माळढोकाच्या रानात शिरत नाही. दोन्ही बाजूंनी ज्वारी, निसवलेली. चांदणी अकलूजच्या बाजारातली. चाचा तिला भीमथडीच म्हणतात, यमुनेचं पाणी प्यालेल्या तट्टांची नात. कागद काही नाही, पण बुटकी, काटक आणि हट्टी आहे एवढं खरं.

मागच्या खेपेला मी चुकले. परतीला ऊन चढलं आणि चांदणी पाण्याला तोंड लावेना. घोड्याच्या घामातून मीठही भरपूर जातं, म्हणून अंगातलं पाणी आटलं तरी त्याला तहान कळत नाही. हे मला ठाऊक होतं. तरी अण्णांना गाठायच्या हावेपायी शेवटचे तीन किलोमीटर मी तिला पळवलं. खरं तर तिथे उतरून तिच्याबरोबर चालायचं असतं, पण पुन्हा चढायला बांध कुठला, हाही हिशोब मनात होता. खोटं कशाला सांगू?

नळी लावली तर ७६. मग ७२. पंधराव्या मिनिटाला ६८. बाद.

अण्णांच्या घोड्याचे ५६ आले होते, ते मोकळे होते. मी म्हटलं, तुम्ही निघा, उशीर होईल. “घोडी अशी उभी असताना मी कुठं जाऊ?” म्हणाले आणि तंग सोडून खोगीर उतरवायला लागले. चाचा तर मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. तिघं मिळून तिच्या मानेवर, पायांवर पाणी ओतत राहिलो. मध्येच मी नळी लावायची आणि आकडा सांगायची. ६६. ६२. कुणी काही बोलायचं नाही. तू पुण्याला गेल्यापासून असं कुणाशेजारी गप्प बसून मी ठोके मोजले नव्हते. आपली ती रात्र आठवते ना, सात नंबरच्या खाटेपाशी?

बऱ्याच वेळाने चांदणीने बादलीत तोंड घातलं. घटाघटा. अण्णा पाठ फिरवून डोळे पुसत होते आणि मलाच विचारत होते, “धूळ गेली का हो तुमच्या डोळ्यात?” मग लिंबाखाली बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. घोडी टेम्पोने घरी आली. तिच्याबरोबर मागे मीही, उभ्याने.

सून म्हणते, हाडं मोडाल. मोडतीलही.

हुरडा संपायच्या आत ये. हुतात्मा एक्सप्रेस पुण्याहून संध्याकाळी सुटते, तर आदल्या दिवशीच निघ. तुझा जुना स्टेथोस्कोप असेल तर तो नक्की आण, माझी नळी चांदणीने चावून ठेवली आहे.

तुझीच,
कुसुम