खुर्ची मागे झुकण्याआधी बोल

सातारा

प्रिय अवी,

दात साफ करून आल्यानंतरचा तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. शेवटी तू म्हणालास, ‘पैसेही दिले, दुखवूनही घेतलं आणि वर बोलणीही खाल्ली, आता पुन्हा तिकडे पाऊल ठेवणार नाही.’ ते फार मनाला लागलं. मेसेजवर याचं उत्तर देता येण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय. निवांत वाच.

आधी हे ऐक. तुला दुखलं ते खरंच दुखलं. ‘दातच तर साफ करायचे होते, त्यात काय एवढं’ असं म्हणून स्वतःला गप्प करू नकोस. गेली कितीतरी वर्षं मी हिरड्यांचंच काम करतोय. चांगली दणकट माणसं खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेली रोज बघतो. पण तू पुढची अपॉइंटमेंट रद्द केलीस ते मात्र मला मुळीच पटलेलं नाही. ती परत घ्यायची. कशी घ्यायची आणि तिथे काय बोलायचं, तेच या पत्रात आहे.

तुला आणखी एक राग होता. सगळा वेळ त्या बाईंनीच काम केलं आणि डॉक्टर शेवटी दोन मिनिटं डोकावून गेले. आपण इथे वाढलो, त्यामुळे ते खटकणं साहजिक आहे. आपल्याकडे तपासणं, साफ करणं, दात काढणं सगळं डॉक्टरच करतो. १९४८ च्या कायद्यात डेंटल हायजिनिस्टची, म्हणजे दात साफ करायचं शिक्षण घेतलेल्या त्या बाईंसारख्या माणसाची, तरतूद आहे, पण आपल्या गावांतल्या दवाखान्यांत ती सहसा दिसत नाही. तिकडे अमेरिकेत मात्र तो रीतसर शिक्षणाचा आणि परवान्याचा स्वतंत्र पेशा आहे, आणि त्याची सुरुवात तुझ्यापासून फार लांब झालेली नाही. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आयरीन न्यूमन या आपल्या सहायक बाईंना दात साफ करायला शिकवलं. त्या त्यांच्या चुलत-मावस नात्यातल्याच. पुढे १९१३ मध्ये त्यांनी त्याची शाळाच काढली. दात किडल्यावर, हलल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच जपावेत, हा त्यांचा ध्यास होता. तेव्हा डॉक्टरांनी तुला टाळलं असं समजू नकोस. साफ करण्याचं काम ती बाई दिवसभर करते, आणि त्यात तिचा हात माझ्यापेक्षाही सराईत असू शकतो. तुझ्या वाट्याला आलेली बाई तशी नव्हती, इतकंच.

आता दुखलं का ते सांगतो, कारण कळलं की निम्मी भीती जाते.

सुरुवातीला ती तोंडात काहीतरी टोचत ‘थ्री, टू, फोर, थ्री, टू, फाइव्ह’ असं म्हणत होती ना? तिच्या हातात प्रोब होता. मिलिमीटरच्या खुणा असलेली, बोथट टोकाची बारीक सळई. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक फट असते, तिची खोली त्याने मोजतात. प्रत्येक दाताला सहा जागी. एक ते तीन मिलिमीटर असेल तर ठीक. चारपासून लक्ष घालायचं. पाच आणि त्यापुढे गेलं की आतलं हाड झिजायला लागलंय का, हे एक्स-रेवर बघायचं. दाब किती द्यायचा, याचा अंदाज विद्यार्थ्यांना देताना आम्ही सांगतो की प्रोब स्वतःच्या अंगठ्याच्या नखाखाली टेकवून बघा, दुखता कामा नये. इतका हलका हात पुरतो. हिरडी निरोगी असेल तर या मोजणीने फारसं काही जाणवत नाही. सुजलेली असेल तर हलक्या हातानेही कळ येते आणि रक्त येतं. तुझ्या बाबतीत हिरडीही सुजलेली असणार आणि हातही जड असणार, असं मला वाटतं.

मग ते किर्रर्र आवाज करणारं मशीन. त्याचं टोक सेकंदाला पंचवीस हजारांहून जास्त वेळा थरथरतं आणि त्या थरथरीने कीटण सुटून येतं. टोक तापू नये म्हणून त्यावर पाणी सोडावं लागतं. तेच गार पाणी उघड्या पडलेल्या मुळावर गेलं की मेंदूपर्यंत सणक जाते. दाताच्या वरच्या भागावर एनॅमलचं कवच असतं, मुळावर ते नसतं. चाळिशीनंतर हिरड्या थोड्या खाली सरकलेल्या असतात, त्यामुळे आपल्या वयाच्या माणसांना ही सणक हमखास बसते. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला तिने सगळ्यात जास्त वेळ घालवला, असं तू म्हणालास. तसंच होणार. जिभेखाली लाळेच्या नळ्यांची तोंडं तिथेच उघडतात. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो, तसं लाळेतल्या कॅल्शियमने तिथलं कीटण दगडासारखं होतं. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही तेच. एकदा दगड झाला की ब्रशने तो निघत नाही, कितीही घास.

तू विचारलं होतंस की असं घासून दात झिजतात का, हलायला लागतात का. काकूंचंही हेच म्हणणं असतं, आणि इथे दर दुसरा माणूस मला हे विचारतो. तसं होत नाही. वर्षानुवर्षांच्या कीटणाने दातांमधल्या फटी बुजलेल्या असतात, ते काढलं की तिथे जीभ लागते आणि दात विरळ झाल्यासारखे वाटतात. हाड आधीच झिजलेलं असेल, तर कीटणाच्या भिंतीने तोलून धरलेला दात ती भिंत गेल्यावर हलताना जाणवतो. हलण्याचं मूळ कारण हिरडीचा आजार, आणि कीटण ठेवलं तर तो वाढतच जातो.

आता बोलण्याबद्दल. याचा मला तुझ्याइतकाच राग आला. तोंड उघडं, त्यात आरसा, नळी आणि दोन बोटं, आणि वरून प्रश्न: ‘फ्लॉस करत नाही ना तुम्ही?’, म्हणजे दोऱ्याने दातांच्या फटी साफ करत नाही ना. उत्तर देता येत नाही अशा अवस्थेतल्या माणसाला कोणी फैलावर घेऊ नये. आमच्या पेशात हे सर्रास चालतं आणि त्याचा परिणाम फार वाईट होतो. माझ्याकडे कोरेगाव तालुक्यातल्या एक आजी यायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा तोंडावरचा पदर काढेनात. वर्षानुवर्षं मिश्री लावलेली, हिरड्या काळवंडून खाली गेलेल्या. आधी एका ठिकाणी त्यांना एवढं बोललं गेलं होतं की त्यानंतर त्या कुठल्याच दातांच्या दवाखान्यात गेल्या नव्हत्या. ‘लई बोलले वो, लेकासमोर बोलले,’ एवढंच म्हणाल्या. मधल्या काळात दाढा गेल्या त्या गेल्याच. मी त्यांना फक्त विचारलं, कुठं दुखतं. त्यांनी बोटाने दाखवलं. त्या दिवशी तेवढीच जागा साफ केली. मिश्रीचा विषय पुढे त्यांनीच काढला. ओरडल्याने माणूस ब्रश जास्त करत नाही, दवाखान्यात यायचं थांबतो. तू तेच करायला निघालास म्हणून हे लिहितोय.

पुढच्या वेळी खुर्ची मागे झुकण्याआधी, पाय जमिनीवर असताना बोल. एकदा आडवा झालास की बोलायची सोय राहत नाही. सरळ सांग, ‘मागच्या वेळी मला फार दुखलं होतं. मी डावा हात वर केला की थांबायचं, आणि मला विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करायचं नाही.’ हे मागणं मुळीच जास्त नाही. भीतीचा मोठा भाग आपल्या हातात काही नसण्याचा असतो. हात वर केला की समोरचा थांबतो हे एकदा अनुभवलं की तो हात पुन्हा वर करायची गरजही कमी पडते.

बधिर करून माग. सुईच लागते असं नाही. लिग्नोकेनचं, म्हणजे तिकडच्या भाषेत लिडोकेनचं जेल मिळतं. ते हिरडीच्या फटीत बोथट नळीने सोडतात आणि अर्ध्या-एक मिनिटात काम सुरू करता येतं. खोल जागा असतील तर इंजेक्शनच बरं. सगळं तोंड एका बैठकीत उरकायचा हट्टही कोणी धरू नये, आज उजवी बाजू, पुढच्या वेळी डावी. जिथे सणक बसते ते दोन-चार दात मशीनऐवजी हाताच्या अवजारांनी करा म्हण, वेळ लागेल पण पाण्याची सणक टळेल. घशात पाणी साचून गुदमरल्यासारखं होतं म्हणालास, तर खुर्ची अगदी सपाट करू देऊ नकोस, मान किंचित बाजूला ठेव आणि श्वास नाकानेच घे. सर्दी असेल त्या दिवशी जाऊच नकोस, तारीख बदल. जबडा भरून येत असेल तर दाढांमध्ये ठेवायचा रबरी ठोकळा मिळतो, त्याने तोंड उघडं धरून ठेवायचे कष्ट वाचतात. आवाज सोसत नसेल तर कानात इअरफोन घाल, भीमसेन लाव.

आणि तीच बाई नको असेल तर काउंटरवर ‘मला दुसऱ्या हायजिनिस्टकडे द्या’ एवढंच म्हणायचं. कारण द्यायची गरज नाही. आपण भिडेखातर गप्प बसतो, ती भीड इथे सोड.

याहून मोठी गोष्ट जायच्या आधीची आहे, आणि ती तुझ्याच हातात आहे. ब्रश करताना रक्त येतं म्हणून तू ती बाजू सोडून घासतोस, असं मागे बोलण्यात आलं होतं. नेमकं उलटं करायला हवं. डेन्मार्कमधल्या आर्हुसला १९६५ मध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा घासायला लावलं, आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. आमच्या विषयात या प्रयोगाला फार मान आहे. रक्त येतं ते दातावर बसलेल्या चिकट थराने, ब्रशने नव्हे. म्हणून जायच्या आधी तीन आठवडे मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका लावून, छोट्या हालचालींनी घास. फटींसाठी ते बाटली धुवायच्या ब्रशसारखे दिसणारे बारीक इंटरडेंटल ब्रश आण. रंगांप्रमाणे मापं असतात, हलकेच आत जाईल तेच माप घ्यायचं, रेटायचं नाही. पहिले काही दिवस रक्त जास्त येईल. घाबरू नकोस, चालू ठेव. सूज उतरली की तोच प्रोब, तेच मशीन, पण दुखणं बरंच कमी. पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह दातांची पेस्टही आतापासूनच वापर, तिचा गुण यायला काही आठवडे जातात.

‘डीप क्लिनिंग’चा जो खर्च त्यांनी सांगितला, त्यावर लगेच हो म्हणू नकोस आणि लगेच धुडकावूही नकोस. हिरडीखाली मुळावरचं कीटण काढणं हा खरा आणि कामाचा उपचार आहे, पण तो आकड्यांवर ठरतो. पॉकेटचा, म्हणजे हिरडीच्या फटींच्या मोजलेल्या खोलीचा, चार्ट आणि एक्स-रे माग, ते तुझे आहेत. चार-पाच मिलिमीटरच्या जागा किती आहेत, त्यांतून रक्त येतं का, हाड कमी झालंय का, हे बघून सांगता येतं. करायचंच ठरलं तर बधिर करूनच, आणि त्यानंतर महिना-दीड महिन्याने पुन्हा मोजून फरक दाखवायला सांग.

आणि तुझी शुगर बॉर्डरवर आहे हे त्यांना सांगितलंस का? बहुतेक नाही. शुगर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की शुगरही आटोक्यात राहत नाही. काकांचे दात साठीच्या आतच कसे एकेक करून गेले ते तू पाहिलंयस. त्यांना मधुमेह होता आणि हिरड्यांकडे कोणी बघितलं नाही. तुझ्या बाबतीत मी तसं होऊ देणार नाही, म्हणून एवढी कटकट करतोय. रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी सुरू झाल्या तर तेही आधी सांगायचं, स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

साफ केल्यावर त्या रात्री तिखट आणि कडक काही नको, वहिनींना मऊ खिचडी करायला सांग. कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा भर. गार पाणी थोडे दिवस सणकेल, ते कमी होत जातं. कमी न होता वाढायला लागलं किंवा हिरडीला सूज आली तर त्यांना फोन कर आणि मलाही कळव.

चार्ट आणि एक्स-रेचे फोटो या आठवड्यात पाठव, आकडे वाचता येतील असे. रविवारी सकाळी साडेसातला मी मोकळा असतो, तुझ्याकडे शनिवारी रात्रीचे दहा वाजलेले असतील. तेव्हा फोन करतो, दोघं मिळून एकेक आकडा बघू. त्याआधी अपॉइंटमेंट घेऊन ठेव, तीन आठवड्यांनंतरची.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद