चि. सायलीस

धंतोली, नागपूर

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोलून राहिली होतीस आणि मला अर्धं ऐकूच येत नव्हतं. वर म्हणतेस, "काही नाही गं, सलग कार्यक्रम आहेत." आवाज बसून तीन आठवडे होत आले आणि काही नाही? कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. दुर्बिणीतून लगेच दिसतं. एवढंच सांगायला लिहायला बसले.

तुझी पट्टी काळी तीन, पेटीच्या तिसऱ्या काळ्या पट्टीवर तुझा सा. ती कार्यक्रमवाली मंडळी तुला त्याहून चढ्या काळी पाचमध्ये गायला लावतात, का तर मूळ गाणं तसं आहे. अगं, तार षड्जाला, वरच्या सा ला, गळ्यातले पडदे काळी तीनमध्ये सेकंदाला साधारण 370 वेळा मिटतात, काळी पाचमध्ये 466. त्यात ड्रमवर मात करायला जोर लावायचा! पडद्यांवर गाठी अशानंच येतात. उंच सुराला हनुवटी वर जाते तुझी, व्हिडिओत पाहिलं मी. जबडा सैल सोड. जीभ खालच्या दातांशी टेकलेली राहू दे. श्वास घेताना खांदे उचलायचे नाहीत, बरगड्या बाजूंनी फुलू दे. आवाज सुधारला की आधी स्ट्रॉ तोंडात धरून "ऊ" करत सूर हलकेच वर-खाली ने. हवा अडते, तिच्या उलट्या दाबानं पडदे एकमेकांवर जोरात आदळत नाहीत. खर्जाचा, खालच्या सुरांचा रियाज त्यानंतर, तोही जमेल तेवढाच. आणि सारखं खाकरू नकोस. कुजबुजूही नकोस, त्यानं गळ्याला आराम मिळत नाही.

झाली माझी शिकवणी सुरू. राग मानू नकोस. पण डॉक्टरांकडे जा.

आठवीत देशपांडे सभागृहात माईक बंद पडला होता, आठवतं? तू थांबली नाहीस, ओरडलीही नाहीस. तशीच सावकाश गात राहिलीस आणि मागच्या रांगेत नानांना शब्द न् शब्द कळला. नाना घरी येताना काही बोलले नाहीत. गोकुळपेठेत ऑटो थांबवून संत्रा बर्फी मात्र घेतली, तीही चक्क किलोभर! मधुमेह त्यांनाच.

तोच आवाज मला हवाय. मोठा नसला तरी चालेल.

बाबांना यातलं काही सांगितलं नाही. सुमनमावशीचं झाल्यापासून घशाचं नाव काढलं की त्यांना झोप लागत नाही. डॉक्टरांची वेळ मिळाली की मलाच कळव. भिशीचे पैसे तुझ्या खात्यात टाकलेत. ते डॉक्टरांसाठी आहेत, नवीन माईकसाठी नाहीत.

तुझी,
आई